घरगुती सिटकॉम वर्षानुवर्षं चालते कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रत्येक विनोदी मालिकेला सिटकॉम म्हणायचं का?

नाही. सिटकॉममध्ये माणसं तीच, घर तेच आणि दर भागात घोळ नवा. भाग संपता संपता घोळ निस्तरतो आणि घराची घडी होती तशी बसते. मागचा भाग चुकला म्हणून आजचा कळला नाही, असं होता कामा नये. प्रहसनांचा कार्यक्रम यात बसत नाही, कारण तिथे माणसं दर वेळी बदलतात. रोजची कौटुंबिक मालिका कितीही खुसखुशीत असली तरी ‘उद्या काय होणार’ यावर चालते. सिटकॉम चालते ती ‘आज हा कसा अडकणार’ यावर.

इतके विषय पडलेत, मग कुटुंबच का?

कुटुंबातून राजीनामा देता येत नाही म्हणून. साहेबाशी पटलं नाही तर नोकरी सोडता येते, मित्राचा फोन उचलायचा टाळता येतो. पण सकाळी ज्या भावाशी कडाक्याचं भांडण झालं तो रात्री जेवायला समोरच बसलेला असतो. माणसं परत त्याच टेबलाशी येणार, ही हमी लेखकाला आयती मिळते. दुसरं म्हणजे घरात अधिकार एकाकडे आणि अक्कल दुसऱ्याकडे असण्याची सोय असते. बापाचा शब्द चालतो पण त्याला काही कळत नाही, मुलीला सगळं कळतं पण तिचं कुणी ऐकत नाही. अर्धे भाग एवढ्यावरच उभे राहतात.

पात्रं किती असावीत?

५ ते ७. यामागे साधा हिशेब आहे. विनोद एकट्या पात्रात नसतो, दोघांच्या मध्ये असतो. ४ माणसांच्या घरात ६ जोड्या होतात, ५ जणांत १०, ६ जणांत १५ आणि ७ जणांत २१. दर जोडीत कायमचे दोन-तीन वाद ठरवून ठेवले, की ५ माणसांच्या घरातही २० ते ३० गोष्टींचं बियाणं पहिल्याच दिवशी तयार असतं. आठच्या पुढे गेलात की बावीस मिनिटांत प्रत्येकाला धड तीन मिनिटंही येत नाहीत आणि दोघे-तिघे नुसते सोफ्यावर बसून राहतात.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ मध्ये सुरू झाली. तिचं घर आठवा: आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका. पाचच माणसं, पण पिढ्या तीन. त्यामुळे एकाच प्रसंगाकडे बघणारे तीन चष्मे घरातच हजर. मुळात दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या सदरात घरातला प्रत्येक जण आपापली रोजनिशी लिहायचा, त्यामुळे तोच दिवस प्रत्येकाच्या तोंडून वेगळा ऐकायला मिळे.

नेहमी होणारी चूक म्हणजे दोन पात्रांना एकच खोड देणं. घरात दोन चिक्कू असतील तर दोघांचं पटतं, आणि पटलं की गोष्ट संपली. प्रत्येक पात्रासाठी दोन ओळी लिहा: याला सतत काय हवं असतं, आणि स्वतःबद्दलची कोणती गोष्ट याला कधीच दिसत नाही. दुसरी ओळ जमत नसेल तर ते पात्र अजून तयार नाही.

एका भागाची मांडणी कशी करतात?

अर्ध्या तासाच्या वेळेतून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटं हातात उरतात. त्यात एक मुख्य गोष्ट, एक उपगोष्ट आणि जमलं तर एखादी छोटी गंमत, जी भागभर तीन-चार वेळा डोकं वर काढते. पहिल्या दोन मिनिटांत एक स्वतंत्र हसरा तुकडा. चौथ्या-पाचव्या मिनिटापर्यंत मुख्य पात्राला काहीतरी हवंसं वाटून त्याने त्यासाठी चुकीचा मार्ग धरलेला असला पाहिजे. अकराव्या मिनिटाच्या आसपास थाप अंगाशी येते, आणि तिथेच जाहिरात. सतराव्या-अठराव्या मिनिटाला ज्यांनी एकमेकांसमोर येऊ नये असे सगळे एकाच खोलीत गोळा होतात. मग उकल, आणि शेवटी अर्ध्या-एक मिनिटाचं शेपूट.

प्रेक्षकांसमोर अनेक कॅमेऱ्यांनी होणाऱ्या मालिकेची संहिता दुप्पट अंतर सोडून टाइप करतात. ती ४५ ते ५० पानांची होते, म्हणजे पानाला अंदाजे अर्धं मिनिट. एका कॅमेऱ्याने सिनेमासारखं चित्रित होत असेल तर तीच लांबी तीसेक पानांत मावते. पानं मोजताना आपण कोणत्या पद्धतीत लिहितोय ते आधी ठरवा.

भाग सगळ्यात जास्त वेळा कोसळतो तो गैरसमजावर. लिहून झाल्यावर विचारा: कुणीतरी सरळ ‘काय झालं?’ असं विचारलं असतं तर हे मिटलं असतं का? मिटलं असतं, तर भाग उभा नाही. मग न विचारण्याचं कारण पेरा. लाज, पैज, आधी मारलेली थाप किंवा ‘मी का म्हणून विचारू?’ हा ताठा. यातला शेवटचा घरात सर्वात जास्त चालतो.

गोष्ट किती छोटी असली तर चालते?

जितकी छोटी तितकी बरी. ‘एव्हरीबडी लव्हज रेमंड’ या अमेरिकन मालिकेचा (१९९६ ते २००५, २१० भाग) ‘बॅगेज’ नावाचा भाग बघा. नवरा-बायको सहलीहून परततात आणि सूटकेस जिन्याच्या वळणावर राहते. ती वर कुणी न्यायची? दोघेही बोलत नाहीत, दोघेही उचलत नाहीत. तीन आठवडे बॅग तिथेच. जाता-येता तिला वळसा घालायचा, तिच्यावरून ढांग टाकायची, पण हात लावायचा नाही. नवरा तर वास सुटून बायकोने हरावं म्हणून तिच्यात चीज ठेवतो. संपूर्ण भाग एका बॅगेवर, आणि लेखनाचं एमी पारितोषिक त्यालाच मिळालं. या मालिकेचे लेखक स्वतःच्या घरातली भांडणं टेबलावर आणून टाकत, हे त्यांनीच अनेकदा सांगितलंय.

बॅगेचं काम असं: ती दिसते, ती हलत नाही, आणि ती उचलणं इतकं सोपं असतं की न उचलण्यात संसाराचा सगळा हिशेब दिसतो. अशी एक वस्तू सापडली की अर्धा भाग लिहून झालाच म्हणा.

शेकडो भागांना गोष्टी पुरतात कशा?

साप्ताहिक आणि दैनंदिन असा फरक इथे करायलाच हवा. अमेरिकेत नेटवर्कवरच्या (म्हणजे देशभर दिसणाऱ्या मोठ्या वाहिनीवरच्या) मालिकेचा हंगाम वर्षानुवर्षं साधारण २२ ते २४ भागांचा असे. ‘मॉडर्न फॅमिली’ ११ हंगाम चालली (२००९ ते २०२०) तेव्हा कुठे २५० भाग झाले. आठवड्याला पाच भाग दाखवणारी मालिका ५२ आठवड्यांत २६० भाग उरकते, सहा दाखवणारी ३१२. म्हणजे तिकडची अकरा वर्षं इकडे एका वर्षात संपतात! ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ २८ जुलै २००८ ला सुरू झाली आणि तिने चार हजार भागांचा टप्पा ओलांडला, तो याच वेगामुळे.

या वेगात दर भागाला नवी गोष्ट अशक्य असते. म्हणून एक घोळ चार-पाच किंवा त्याहून जास्त भागांत ताणतात आणि कुटुंबाला जोडून आख्खी सोसायटी घेतात. बिऱ्हाडं वाढली की जोड्या वाढतात, आणि मुख्य कुटुंबाला आठवडाभर विश्रांती देऊन कॅमेरा शेजारच्या दारात नेता येतो. तोटा उघड आहे: जी गंमत २२ मिनिटांत चटकदार लागते ती ११० मिनिटांत पातळ होते. प्रतिक्रियेचे क्लोजअप, तेच वाक्य तिघांच्या तोंडून, प्रत्येक चेहऱ्यावर झूम, ही सगळी लांबी भरण्याची साधनं. वापरणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं.

पात्रं इतक्या वर्षांत शहाणी का होत नाहीत?

झाली तर मालिका बंद करावी लागेल. जो बाप आज कबूल करतो की आपण मुलांचं ऐकून घेत नाही, तो पुढच्या भागात परत न ऐकताच सुरू झाला पाहिजे. म्हणून अनुभवी लेखक पात्राला भागाच्या शेवटी फक्त तेवढ्या प्रसंगापुरतं नमतं घ्यायला लावतात. तो माफी मागतो ती बॅगेबद्दल, स्वभावाबद्दल नाही.

दीर्घायुषी मालिका आणि दोन हंगामांत आटपणारी मालिका यांत खरा फरक इथेच पडतो. विनोद दोन्हीकडे चांगले असू शकतात. पण एखाद्या पात्राची मुख्य अडचण सुटण्यासारखी असेल (नोकरी लागणं, लग्न जमणं, घर मिळणं) तर ती कधीतरी सोडवावीच लागते, आणि सुटली की पात्र रिकामं होतं. बढाया मारायची खोड कधीच सुटत नाही. अडचण परिस्थितीत ठेवू नका, स्वभावात ठेवा.

मुलं मोठी होतात, त्याचं काय करतात?

चित्रमालिका (ॲनिमेशन) असेल तर प्रश्नच नाही. जपानची ‘साझाए-सान’ ५ ऑक्टोबर १९६९ पासून सुरू आहे आणि सर्वाधिक काळ चाललेली दूरचित्रवाणी चित्रमालिका म्हणून तिची गिनेसमध्ये नोंद आहे. रविवारी संध्याकाळी एका भागात तीन छोट्या गोष्टी, आणि इतक्या वर्षांत घरातला कात्सुओ पाचवीतून सहावीत गेलेला नाही. ‘द सिम्पसन्स’ १७ डिसेंबर १९८९ ला स्वतंत्र मालिका म्हणून आली. तिच्यातला बार्ट आजही १० वर्षांचा, लिसा ८ वर्षांची आणि धाकटीच्या तोंडात चोखणी ती चोखणीच.

खरी मुलं घेतलीत की घड्याळ सुरू. तान्ह्या बाळासाठी जुळी घेतात, कारण बालकलाकारांच्या कामाच्या वेळेवर बंधनं असतात. कॅलिफोर्नियात १५ दिवस ते ६ महिने वयाच्या बाळाला सेटवर जास्तीत जास्त २ तास ठेवता येतं आणि त्यातलं प्रत्यक्ष काम फक्त २० मिनिटं. एक रडायला लागलं की दुसरं आणायचं. ‘फुल हाउस’मधली सर्वात धाकटी मुलगी ही अशी जुळ्या बहिणींनी मिळून केलेली भूमिका होती. ‘मॉडर्न फॅमिली’त दोन हंगाम जुळी बाळं वापरून तिसऱ्या हंगामात एकदम बोलकी, मोठी मुलगी आणली. प्रेक्षक असा बदल मुकाट्याने पचवतात, कारण बाळाच्या चेहऱ्यावर कुणाचा फारसा जीव जडलेला नसतो.

अडचण येते ती बारा-तेराव्या वर्षी. आवाज फुटतो, उंची वाढते, आणि जो वात्रटपणा आठव्या वर्षी गोड वाटायचा तो सोळाव्या वर्षी उद्धटपणा वाटतो. बऱ्या वाटा दोनच. नवा मुलगा घ्या (‘तारक मेहता’तल्या टप्पूची भूमिका आतापर्यंत तिघांनी केली आहे), किंवा त्याच मुलाच्या वयाला साजेसे नवे वाद लिहा. तिसरी वाट म्हणजे कुठूनतरी एक नवं गोंडस पोर घरात आणणं, आणि ती टाळावी. ‘द ब्रेडी बंच’च्या शेवटच्या सहा भागांत, १९७४ मध्ये, ऑलिव्हर नावाचा आईचा भाचा असाच आणला होता. तेव्हापासून अशा पोराला ‘कझिन ऑलिव्हर’च म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे.

मुख्य नट मालिका सोडून गेला तर?

चार मार्ग आहेत. चेहरा बदलून काहीच न झाल्यासारखं पुढे जायचं: ‘बिविच्ड’मध्ये १९६९ ला नवऱ्याच्या भूमिकेत दुसरा नट आला आणि घरात कुणी भुवईसुद्धा उंचावली नाही. पात्र गायब करायचं: ‘हॅपी डेज’मधला थोरला भाऊ चक दोन हंगामांनंतर दिसेनासा झाला, पुढे त्याचं नावही निघालं नाही. मृत्यू दाखवायचा: ‘व्हॅलेरी’ मालिकेतली आई १९८७ मध्ये अशीच काढली, मुलांना सांभाळायला आत्या आली आणि पुढे मालिकेचं नावही ‘द होगन फॅमिली’ झालं. चौथा मार्ग म्हणजे पात्र बाहेरगावी ठेवून जागा मोकळी राखणं. ‘तारक मेहता’तली दया २०१७ नंतर अशीच बाहेर आहे.

निवड करताना एकच पाहा: त्या पात्राशिवाय कोणत्या जोड्या मरतात? दया नसली की जेठालालची नुसती एक जोडी जात नाही, घरातलं नवरा-बायकोचं सगळं प्रकरणच थांबतं. नवा चेहरा घेणार असाल तर त्याला आधीच्याची नक्कल करायला लावू नका. पहिल्या दहा भागांत त्याला लहान, हमखास हशाचे प्रसंग द्या आणि भावनिक प्रसंग नंतर ठेवा.

घराला तीनच भिंती आणि मधोमध सोफा का?

चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे आणि प्रेक्षक बसतात. ‘आय लव्ह ल्यूसी’ने (पहिला भाग १५ ऑक्टोबर १९५१) प्रेक्षकांसमोर, ३५ मिलिमीटर फिल्मवर, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी चित्रण करण्याची पद्धत रूढ केली. छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी दिवे वर टांगून सगळीकडे सारखा प्रकाश पाडला, म्हणजे तिन्ही कोनांतून चित्र एकसारखं दिसेल आणि दर शॉटला दिवे हलवावे लागणार नाहीत. सिटकॉमचं घर आजही इतकं लख्ख उजळलेलं दिसतं ते यामुळे.

सोफा मधोमध असला की तिन्ही बाजूंनी येणारं माणूस त्याच्याभोवती फिरतं. मुख्य दार प्रेक्षकांना दिसेल असं ठेवायचं, कारण दार उघडण्याच्या क्षणालाच हशा असतो. जेवणाच्या टेबलाची एक बाजू रिकामी, नाहीतर कुणाची तरी पाठ दिसते. जिना आणि स्वयंपाकघराचं झुलतं दार या दोन गोष्टी स्वस्तात मिळणारे विनोद आहेत. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर कायम लावलेलं असतं. त्याच्या शेजारची एक जागा रिकामी ठेवतात आणि त्या त्या भागाच्या गरजेप्रमाणे तिथे कधी दवाखाना, कधी वर्ग उभा राहतो.

आठवडाभर चित्रीकरण कसं चालतं?

प्रेक्षकांसमोर होणाऱ्या मालिकेचा आठवडा पाच दिवसांचा. पहिल्या दिवशी टेबलाभोवती वाचन. जिथे हशा येत नाही तिथे लेखक पेन्सिलीने खूण करतात आणि रात्री पुन्हा लिहितात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तालीम आणि रन थ्रू (न थांबता सलग सादरीकरण), एकदा लेखकांसमोर, एकदा वाहिनीच्या लोकांसमोर. चौथ्या दिवशी कॅमेऱ्यांचं ब्लॉकिंग (कोण कुठे उभा आणि कोणता कॅमेरा कुठे, हे ठरवणं), आणि मुलांचे किंवा अवघड प्रसंग आधीच टिपून ठेवायचे. पाचव्या दिवशी प्रेक्षक. प्रत्येक प्रसंग किमान दोनदा होतो आणि फसलेला पंच (हशा आणणारं वाक्य) दोन टेकच्या मध्ये उभ्याउभ्या बदलला जातो. २२ मिनिटांसाठी तीन ते पाच तास सहज जातात.

बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर काढतात: आधी पांढरी, मग निळी, गुलाबी, पिवळी, हिरवी. कुणाच्या हातात जुना रंग राहिला तर तो कालचं वाक्य बोलतो आणि समोरच्याचा पंच हवेत जातो.

मागे ऐकू येणारा हशा खरा असतो का?

काही खरा, काही भरलेला. चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने १९५० च्या दशकात हशाचं यंत्र बनवलं. कळा दाबायच्या आणि खुदकन, खो खो, टाळ्या असं हवं ते मिसळायचं. प्रेक्षकांसमोर चित्रित झालेल्या भागातही संकलनात कापलेल्या जागा सांधायला असा हशा लागतो. ‘ऑल इन द फॅमिली’ने शेवटच्या हंगामात वेगळंच केलं: रिकाम्या स्टुडिओत भाग चित्रित करायचा, मग तयार भाग प्रेक्षकांना दाखवून त्यांचा हशा टिपायचा.

हशा काढून टाकला तर तीच मालिका भकास का वाटते, असं खूप जण विचारतात. कारण नटांनी हशासाठी जागा सोडलेली असते. पंच पडला की पुढचा नट हशा चढू देतो आणि उतरायला लागला की बोलतो. पूर्ण शांत होईपर्यंत थांबला तर लय मेली. हशाशिवाय चालणाऱ्या मालिकेत त्या जागा मुळातच लिहिलेल्या नसतात, म्हणून एक पद्धत दुसरीत नुसती आवाज बंद करून बदलता येत नाही.

१०० व्या भागाला एवढं महत्त्व का?

केक कापण्यापलीकडे त्यात व्यवहार आहे. अमेरिकेत जुने भाग स्थानिक वाहिन्यांना विकताना ते आठवड्यातले पाच दिवस रोज दाखवले जात. १०० भाग म्हणजे २० आठवडे पुनरावृत्तीशिवाय. खरा पैसा या विक्रीतच असे.

‘बायबल’ म्हणजे काय, आणि ते कोण लिहितं?

मालिकेची वही. त्यात वाढदिवस, लग्नाची तारीख, कुणाला कशाची ॲलर्जी, कोणता जिना कुठे जातो, न दिसणाऱ्या मावशीचं नाव, कोण कुणाला काय हाक मारतं, असं सगळं. पहिली आवृत्ती मूळ लेखक करतो, पुढे ती सांभाळायला एक माणूस नेमावा. भाग चित्रित झाला की त्याच दिवशी नोंद, नंतर करू म्हटलं की राहतंच. दर नोंदीपुढे भागाचा क्रमांक लिहा, नाहीतर दोन परस्परविरोधी नोंदींपैकी खरी कोणती यावरून वाद होतो. जे भागात बोललं गेलेलं नाही ते वहीत लिहू नका, त्याने पुढच्या लेखकाचे हात विनाकारण बांधले जातात.

मालिका उतरणीला लागली हे ओळखायचं कसं?

‘हॅपी डेज’मध्ये १९७७ साली फोन्झी वॉटर स्कीवरून शार्कवर उडी मारतो, आणि ‘शार्कवरची उडी’ हा उतरणीचा शिक्काच झाला. पण लक्षणं त्याआधी दिसतात. पात्राची एक खोड उरते आणि बाकीचा माणूस गळून जातो. ‘सिम्पसन्स’मधला शेजारी नेड फ्लँडर्स सुरुवातीला नुसता चांगला, देवभोळा शेजारी होता, पुढे देवभोळेपणाच उरला. म्हणून या आजाराला फ्लँडरायझेशन म्हणतात. दुसरं लक्षण, घर सोडून कथा सारखी बाहेर पळते: सहल, अपहरण, पाहुणा सेलिब्रिटी. तिसरं, पात्रं स्वतःच्याच तकियाकलामावर हसायला लागतात.

इलाज करायचाच असेल तर त्या पात्राचा तकियाकलाम दहा भाग बंद करून बघा. तेवढ्याने लेखकाला त्याच्या तोंडी दुसरं काहीतरी घालावंच लागतं.

बैठकीतलं घड्याळ नेहमी बंद का असतं?

दोन मिनिटांचा प्रसंग टिपायला तास-दोन तास लागतात. घड्याळ चालू ठेवलं तर जोडलेल्या दोन शॉट्समध्ये काटे उडी मारतात. म्हणून सेल काढून काटे प्रसंगाच्या वेळेवर लावतात. सकाळचा चहा आणि रात्रीचं भांडण एकाच दुपारी चित्रित होतं, आणि मधल्या वेळात कला विभागातलं कुणीतरी स्टुलावर चढून काटे फिरवतं.